तलावाच्या पान्यावरची वाडी

शिवरात्र झाल्यावरचा बुधवार

ईनबाई गिरजाबाईले बायनाबाईचा नमस्कार. घ्यावाचा का नाई ते तुमी पाहा, मी टाकला.

तुमी फोन उचलत नाई. दोनदा वाजते अन् कटते. म्हंजे फोन तुमच्या हातातच असते, एवढं तं मलेबी समजते. चिठ्ठी कापता येत नाई म्हनून चिठ्ठी लिहून राह्यली. मी तिसरीपर्यंत शिकली, मंग बापानं मासोळी धराले डोंग्यात बसवलं. अक्षर बी त्या डोंग्यावानीच हालते. तुमाले वाचता येत नाई, म्हंजे हे सोनूच वाचून राह्यली असन. सोनू, मोठ्यानं वाच, दम घेऊन वाच, अन् जो शब्द तुह्या त्या आजीले झोंबन तो गाळू नको.

कामाचं बोलते. अक्षय तृतीया येऊन राह्यली. घरोघरी पितराच्या नावानं घागर भरते. औंदा आमच्या घरी निकेशच्या नावाची भरा लागते, पयलीच. पोटच्या पोराची घागर मी भरनार, हे उलटंच झालं, पन भरा तं लागते. त्या घागरीले त्याच्या पोरीचा हात लागला पायजे. म्हनून सोनूले पाठवा. तुमची लेक, माही सून, मी मांगत नाई. भाग्यश्री ऊर्जानगरले मेसमधी पोळ्या लाटते, लाटू द्या. जवान बाई आहे, कमावून खाल्लं तं कोनाचं काई गेलं नाई. पोरगी मात्र पाठवा.

तेरवीच्या दिवशी तुमी साऱ्या मांडवात बोलल्या, "नदी मानूस घेते अन् सोडून देते. तलाव धरून ठेवते. ज्या घरी जाळं टांगून आहे त्या घरी माही नात रायनार नाई." बोलल्या अन् पोरीचा हात धरून बसमधी बसल्या. मी तवा काई म्हनलं नाई. तोंड नव्हतं असं नाई, माहं तोंड सारा गाव जानते. अंगात जीव नव्हता.

आता आयका. जाळं उतरवलं. डोंगा शेजारच्या लटारूभाऊले देऊन टाकला. घरामागं तलाव आटला का गाळाची पट्टी उघडी पडते ना, तिथी मी वाडी लावली. जुन्या जाळ्याचं कुंपन केलं. आमच्या घरी आजपर्यंत कोनी भाजी लावली नाई. आमी मासोळी देऊन भाजी घेनारे लोक. तुमी नदीवाले, उन्हाळा लागला का वैनगंगेच्या रेतीत डांगरं अन् काकड्या लावता, तुमाले हासू येईन. हासा.

पन माहं घर आता पान्याचं नाई राह्यलं, मातीचं झालं. एवढं कळवाले लिवलं.

बायनाबाई

(सोनू, हे मनातल्या मनात वाच. बकरी व्याली. दोन पिल्लं आहेत.)


धुळवड झाल्यावर, बाजाराचा दिवस

ईनबाई,

जवाब नाई आला. मी काई वाट पाहून राह्यली नव्हती. पोस्टमन इकडं आठवड्यातून एकदा येते, त्याच्या सायकलची घंटी आयकू आली का मी मुद्दाम पाठ करून बसते.

इचारत नाई, नुसतं सांगते. लटारूभाऊनं मूलच्या बाजारातून बियाच्या पुड्या आनून देल्या होत्या. काकडी, दोडके, चवळी, पालक, अन् पुडीवर 'कोथिंबीर' लिवलेला सांबार. भेदऱ्याचे, म्हंजे टमाट्याचे, रोपं त्याच्या सुनेनं देले. पुडीवर मोठ्या अक्षरात 'बीज' लिवलं होतं. आता आमाले बीज म्हंजे एकच ठाऊक. पावसाळ्यात डब्ब्यात भरून मासोळ्याचं बीज येते अन् आमी ते सारंच्या सारं तलावात ओततो. अर्धं बगळे खाते, पाव मोठी मासोळी खाते, उरलं ते आपलं. बीज टाकतांनी ज्यानं हात आखडला त्यानं हिवाळ्यात रिकामं जाळं ओढलं. तसंच मी केलं. एक खड्डा खनला अन् काकडीची पुडी त्यात उलटी केली. दुसरा खनला, दोडक्याची उलटी केली.

ईनबाई, सारं उगवलं. एकबी बगळ्यानं खाल्लं नाई. आता खड्ड्यात अशी गर्दी आहे जशी यात्रेच्या बसमधी. एकमेकाच्या खांद्यावर चढून राह्यले, पांढरे पडून राह्यले, अन् वाढून कोनीच नाई राह्यलं.

लटारूभाऊ सकाळी बिडी पेटवून कुंपनापाशी उकिडवा बसते अन् म्हनते, "बायनाबाई, वेलाले रोहू लागले का?"

मी म्हनलं, "लागले का पयला तुह्या घरी पाठवते, काटे ठेवून."

"तुमी वाडीवाल्या झाल्या, आता आमाले वळखनार नाई."

"तुले वळखून मले का मिळालं आजपर्यंत?"

असं चालते. पन एक सांगते. सूर्य निंघाच्या पयले मी पानी टाकाले जाते तवा माती कशी पेते, त्याचा आवाज येते. बारीक, जसं झोपेतलं लेकरू ओठ चाटते तसा. मले मालूम नव्हतं का माती आवाज करते. पान्यावर सारं आयुष्य गेलं, तिथी पानी कोनाले पेतांनी दिसत नाई.

पानी कुठून आनते ते इचारू नका. उन्हाळ्यात पानी इचारून येत नाई.

बायनाबाई

(सोनू, मनात वाच. पिल्लं दोन्ही बकऱ्याच आहेत, बोकड नाई. त्याईले कोनी कापनार नाई.)


पाडवा

ईनबाई,

तुमची चिठ्ठी भेटली. चिठ्ठी कायची, एक ओळ. सोनूच्या हातानं लिवलेली. "आजी म्हनते हे मासोळ्या नाई, उपटा, एका खड्ड्यात दोनच ठेवा." बाकी नमस्कार नाई, चमत्कार नाई. सोनूचं अक्षर मात्र सुधरलं. काना पयले वाकडा काढत होती, आता सरळ काढते. कोपऱ्यात तिनं चोरून लिवलं होतं, "पिल्लं कोन्या रंगाचे?" तुमाले दिसलं नसन. एक काळं, एक कबरं.

उपटले मी.

सोपं नाई वाटलं, खोटं काऊन बोलू. पयल्या दिवशी खड्ड्यापाशी बसली अन् तशीच उठून आली. कोन्त्याले ठेवाचं अन् कोन्त्याले काढाचं हे मी कोन ठरवनारी? त्याईनं तं काई केलं नाई. सारे उगवाचं म्हनून उगवले. दुसऱ्या दिवशी स्वताले शिव्या देल्या का बुडे, जन्मभर जित्या मासोळीचं डोकस्कं ठेचलं अन् आता काकडीच्या काडीले हात लावाले काऊन भेते? मंग बसली अन् एका बैठकीत काढून टाकले. उपटलेले बकरीले देले. तिनं इचार केला नाई, खाऊन टाकले.

जे ठेवले ते तिसऱ्या दिवशी असे उठले का जसं कोनी वरून ओढून राह्यलं. तुमचं बरोबर होतं. हे मी एकदाच लिवते, दुसऱ्या खेपेले लिवनार नाई.

मांडव घातला. चार बल्ल्या रोवल्या, वरून तुऱ्हाट्या अन् उरलेलं जाळं. वेल त्या जाळ्याले बोटं घालून चढते. दुपारी त्याच्याखाली ताटाएवढी सावली पडते. मी तिथी पोतं टाकून बसते. पाय मांडवाच्या बाहेर उन्हात रायते अन् डोकस्कं सावलीत. लटारूभाऊ म्हनते, हे कायची सावली, याच्यात कोंबडी बी बसनार नाई. मी म्हनलं, कोंबडीले दुसरी जागा आहे, मले नाई.

मोहा येचाले औंदा कोनी जाऊन नाई राह्यलं. तलावापलीकडच्या जंगलात वाघीन आहे म्हनते, पिल्लासंगं. दवंडी फिरली. सकाळी हवेवर मोहाचा वास येते अन् बाया दारात बसून नुसता वास घेते. मले मात्र काम आहे. पालकाचे पानं बोटाएवढे झाले. सांबार काढला, मिरची अन् मीठ घालून पाट्यावर वाटला, भातावर घेतला. बाजारातला सांबार घरी येईपर्यंत मान टाकते. हा तं पाट्यावर बी ताठ होता. वाटतांनी वास असा आला का शेजारची सून वाटी घेऊन आली.

सोनूले पाठवता का ते लिवलं नाई तुमी. उपटा म्हनाले वेळ भेटला, एवढं लिवाले नाई भेटला.

बायनाबाई


चैत्र पुनव

ईनबाई,

तुमी इचारलं, पानी कुठलं टाकते. आता सोनूनं तुमच्या सांगन्यावरून एवढं मोठं लिवलं आहे अन् शब्दाच्या खाली रेघ बी मारली आहे, तवा लपवत नाई.

हापसी आटली, हापसलं का खोकते. नळाची तोटी दारात उभी आहे, तिच्यावर चिमन्या बसते. गावाची इहीर पलीकडच्या टोल्यावर, दुसऱ्या वस्तीत, उन्हाचं तिथून पान्याच्या दोन गुंड्या आनता आनता माहा जीव कंठात येते. म्हनून वाडीले पानी झिऱ्याचं. तलावाच्या काठाले खड्डा खनला, त्यात झिरपून येते. हो, तलावाचंच. तलावाचं नसन तं का आभाळाचं असन या दिवसात?

तुमी म्हनान, मंग घर मातीचं कसं झालं? नाई झालं पुरतं. जेवढं झालं तेवढं झालं.

वाडीचं आयका. पयली काकडी मले दिसलीच नाई. रोज मी त्या वेलाखाली वाकत होती अन् ते पानाआड मोठी होऊन राह्यली होती. दिसली तवा हातभर. मी म्हनलं, काऊन वं, माह्याच घरात लपतेस? तिथीच तोडली, पदराले पुसली अन् उभ्यानंच खाल्ली. मीठ नाई, तिखट नाई. दात माहे तुमाले मालूम आहेत कसे ते, तरी खाल्ली. आतून थंड होती. बाहेर दगड तापला होता अन् ते आतून थंड. सांगाले कोनी नव्हतं म्हनून बकरीले देठ देला.

दुसऱ्या दिवशी बारक्या काकड्या मोजाले लटारूभाऊ बोट दाखवाले लागला. मी त्याच्या हातावर खुरपं हानलं. बोट दाखवलं का सडते, एवढं तं नदीवाल्याईच्या लेकराईले बी समजत असन. तो म्हनते, "मी मासोळ्या अशाच मोजत आलो." मी म्हनलं, "म्हनूनच तुह्या जाळ्यात झिंगेच येते."

झिंग्याची गोष्ट निंघाली तं सांगते. भेदऱ्याचं एक झाड लाल झालं. झुटपुटं उजाडलं का बुलबुल येते अन् माह्या आधी चोच मारते. त्याच्याकडून दोन सोडवले. सुकलेले झिंगे तव्यावर भाजले, भेदरे निखाऱ्यावर, कांदा, मिरची, हातानं कुस्करलं. ईनबाई, तुमी माह्या घरी जेवल्या ते आठवते, तुमी कालवनात बोट घालून म्हनल्या होत्या, आंबट कमी आहे. औंदा कमी नाई.

निकेशले आवडत होतं असं लिवनार होती. आवडत नव्हतं. तो झिंग्याले नाक मुरडे. मेलेल्याले साऱ्याच गोष्टी आवडत होत्या असं लोकं म्हनते, मी नाई म्हनत. त्याले अंड्याचा रस्सा पायजे होता अन् झोप पायजे होती. अन् जाळं अटकलं का तो सोडून येत नव्हता, हे बी एक होतं. सिंगाड्याच्या वेलात अटकलं तं कापून या, असं सारेच म्हनते. तो सोडवाले खाली गेला. लटारूभाऊनंच वर आनला, तुमाले मालूम आहे.

अक्षर बिघडलं आहे कारन हात दुखते. पाय घसरला झिऱ्यापाशी, बाकी काई नाई. सोनू, काई नाई. तीन दिवस लटारूभाऊच्या सुनेनं पानी टाकलं, आता मीच टाकते. थकवा आहे, तो असतेच. सकाळी उठतांनी वाटते का आज राहू दे, एक दिवस न टाकलं तं का मरते? मंग वाटते, मरते. अन् उठते.

सोनूले पाठवता का?

बायनाबाई


चैत्र सरता सरता, मंगळवार

ईनबाई,

तुमच्या अटी समजल्या. लिवतांनी सोनूले कसं वाटलं असन ते तुमी पाह्यलं का नाई, मालूम नाई.

एक, तुमी संगं येसान. या. दोन, सकाळच्या बसनं येसान अन् सांजच्या बसनं पोरीले घेऊन जासान. बरं. तीन, घागरीत तलावाचा थेंब नाई, नदीचं पानी तुमी कॅनमधी आनसान. चार, पोरीच्या तोंडात बी तलावाचा थेंब जानार नाई.

चिठ्ठी आली तवा मी पयले चुलीत टाकाले निंघाली होती. मंग म्हनलं, पोरीचं अक्षर आहे, तिचा का दोष?

मंजूर आहे. थेंब देनार नाई. शब्द देला. मी शब्द लय कमी लोकाईले देते, हे तुमी लिवून ठेवा, म्हंजे सोनूले लिवाले सांगा.

दुपारचं ऊन लय आहे. पोरीच्या डोक्याले दुपट्टा बांधा.

बायनाबाई


अक्षय तृतीया होऊन गेल्यावर, दुसरा शनिवार

ईनबाई,

भाग्यश्री सुट्टीवर तुमच्याकडं आली म्हनते, म्हनून आता हे चिठ्ठी तेच वाचून दाखवीन. भाग्यश्री, तुह्यावर माहा राग नाई. कवाच नव्हता. तू गेली तवा मले वाटलं, एक मानूस तरी इथून निंघालं. आता पुढचं तुह्या मायले वाच.

त्या दिवशीचं तुमाले सारं मालूम आहे, तरी लिवते. आपन दोघीबी तवा कमी बोललो, अन् जे बोललो ते काकड्याविषयी बोललो.

तुमी बसमधून उतरल्या तवा लुगडं कमरेपासून ओलं होतं. कॅनचं झाकन ढिलं होतं. अर्धी वैनगंगा बसमधी सांडली अन् अर्धी माह्या दारात आली. सोनू मले पाहून तुमच्या मांगं लपली, ते बी मी पाह्यलं. सहा-आठ महिन्यात लेकरू लाजाले लागते. मी तिले हाक मारली नाई. बकरीच्या पिल्लाले मारली. पिल्लू आलं अन् पिल्लाच्या मांगं ते आली.

घागर भरली. तुमचं पानी तिच्यातच सरत आलं. सोनूनं दोन्ही हातानं घागर धरली, तुमी वरून धार सोडली, मी चवळीची भाजी अन् आंब्याच्या फोडी पानावर वाढल्या. ते म्हनली, "बाबा याच्यातलं पानी पेते?" तुमी म्हनल्या, "हो." मी म्हनलं, "त्याले पायजे असन तं पेईन." एवढंच झालं. रडलं कोनी नाई. तुमी तलावाकडं पाठ करून बसल्या होत्या, मी तुमच्याकडं तोंड करून.

मंग दुपार झाली. पोरीले तहान लागली. कॅन उलटा केला तं दोन घोट निंघाले. तुमी म्हनल्या, "सांजच्या बसपर्यंत दम धर." ते ओठावर जीभ फिरवत होती. गुंडी माही भरून होती, झिऱ्याची, झाकन ठेवलेली. ते गुंडीकडं पाहे, मंग तुमच्याकडं पाहे, मंग माह्याकडं. मले वाटलं, उठावं अन् लोटा भरून द्यावा, होईन ते होईन. पन शब्द देला होता. अन् तुमी पोरीले घेऊन गेल्या असत्या, पुन्हा कवाच आनली नसती. म्हनून मी बसली. जन्मात एवढं जड बसनं मी बसली नाई.

मी म्हनलं, "सोनू, मांडवाखाली जा, तिथी थंड आहे."

ते गेली. वेलाखाली वाकली. काकडी तिले लगेच दिसली, मले नाई दिसत तशी. म्हनली, "आजी, तोडू?" मी तुमच्याकडं पाह्यलं. तुमी का म्हनता त्याची वाट पाह्यली. तुमी म्हनल्या, "तोड, पन पिरगाळून तोड, वेल ओढू नको." तिनं पिरगाळून तोडली अन् खाल्ली. कोपरापर्यंत रस आला. दुसरी खाल्ली. तिसरी खातांनी तिच्या तोंडावर रंग आला.

तवा तुमी उठल्या. मांडवात आल्या, पान उलटं करून पाह्यलं, बोटानं माती उकरून पाह्यली. मातीत ओल होती वीतभर. झिऱ्यापासून मांडवापर्यंत माह्या पायाची वाट पडली आहे, ते बी तुमी पाह्यली.

तुमी म्हनल्या, "पोसलं चांगलं आहे."

मी म्हनलं, "हं."

"पानी कोन टाकते?"

"कोन टाकीन? मीच."

"रोज?"

"दोन टाइम."

मले वाटलं, आता हात धरून पोरीले ओढान. बसले वेळ होता पन तुमी सडकेवर जाऊन बसल्या असत्या, तुमचा सोभाव मले मालूम आहे. मंग तुमी मांडवाच्या बल्लीले टेकून खाली बसल्या अन् म्हनल्या, "मलेबी द्या एक. कोवळी पाहून."

मी देली. तुमी खाल्ली. बिया बी थुंकल्या नाई.

ईनबाई, काकडीत का असते? वरून साल अन् आत पानी. तुमी नदीवाल्या, जन्म गेला तुमचा यातच, तुमाले हे माह्यापेक्षा चांगलं समजते. कोनतं पानी ते बी तुमी माती उकरून पाह्यलं होतं. तरी मांगितली. मी तवा काई बोलली नाई. बोलली असती तं तुमाले तोंडातली थुंका लागली असती, अन् मले ते पायजे नव्हतं. आता बोलते, कारन आता ते पोटात जाऊन जुनी झाली.

मंग तुमी दुपारभर माह्या वाडीत बसून जे केलं त्याले मी शिव्या बी देल्या अन् पाहून बी घेतलं. दोडक्याचे शेंडे खुडून टाकले, म्हने फुटवे येते. भेदऱ्याले काडी बांधली. माहा पालक पाहून म्हनल्या, हा का पालक आहे का गवत आहे. मी म्हनलं, तुमचं तोंड पाहून तो बी वाढाचा थांबला. सोनू हासली. तिच्या बापासारखी हासते, नाकातून. तुमी बी आयकलं ते. तुमी खुरपं घेतलं अन् त्या गवताकडं वळल्या.

सांजच्या बसच्या वेळी तुमी उठल्या, पिशवी उचलली अन् पोरीले म्हनल्या, "शाळा उघडेपर्यंत राह्य. तुह्या आजीचा पालक निंदून दे." माह्याकडं न पाहता बसमधी बसल्या. मी बी हात नाई दाखवला. तुमी खिडकीतून पाह्यलं असन तं पाह्यलं असन.

इथवर तुमच्या देखत झालं. आता तुमी गेल्यावरचं सांगते. हे न सांगता बी चाललं असतं, तुमाले कोन सांगनार होतं?

चवथी अट, पोरीच्या तोंडात तलावाचा थेंब नाई ते, तुमी मांगं घेतली नाई, म्हनून ते होतीच. पोरीसाठी मी पलीकडच्या टोल्यावरच्या इहिरीतून पानी आनत राह्यली. पहाटे जात होती, गुंडी डोक्यावर, सोनू झोपलेली. दोन गुंड्या आनल्या का वाडीचं पानी राहे, वाडीचं केलं का रांधाचं राहे. मंगळवारी पाय असा सुजला का उठता आलं नाई. सोनू म्हनली, मी टाकते वाडीले पानी. मी दारात बसून पाह्यलं. ते झिऱ्यापाशी गेली, वाकली, बकेट भरली. एक खेप टाकली. दुसरी टाकली. तिसऱ्या खेपेले बकेट खाली ठेवली, लोटा बुडवला अन् पेली. उभ्यानं, घटाघटा, मान वर करून. तलाव तिच्या मांगं होता.

हाक माराची असती तं मारता आली असती. माहा आवाज त्या काठापर्यंत जाते, तलावाच्या पलीकडं बी जाते. मी नाई मारली. पाहत राह्यली.

ते आली अन् म्हनली, "आजी, गोड आहे." मी म्हनलं, "पालकाले टाकलं का?" म्हनली, "टाकलं."

तवापासून ते तेच पेते. दोन दिवस मी तिचं कपाळ हात लावून पाह्यलं, काई नाई. पाय माहा उतरला, पन मी टोल्यावर गेली नाई. जाता आलं असतं, गेली नाई. शब्द मी मोडला. चुकून नाई मोडला. लटारूभाऊ म्हने, लिवू नका, पोरगी परत नेतीन. त्याले म्हनलं, तू जाळं सांभाळ.

ईनबाई, मी थकली आहे. तलावावर रागावून राह्याची बी ताकद लागते अन् तेवढी माह्यात नाई. माहं पोर त्यानं घेतलं अन् माही भाजी त्यानंच पिकवली. हे दोन्ही एकाच पान्याचं काम आहे, अन् याचा हिशोब मले जुळवता येत नाई. तिसरी शिकलेली बाई आहे मी. तुमाले जुळत असन तं येऊन समजावून सांगा.

पोरीले न्याची असन तं घेऊन जा. मी दारात आडवी पडनार नाई. भांडाचं असन तं भांडाले या, सकाळच्या बसनं या म्हंजे दिवसभर पुरन. येतांनी दोन रिकाम्या पिशव्या आना. तुमी शेंडे खुडले ते फुटले, दोडके माह्याच्यानं सरून नाई राह्यले.

बायनाबाई